मॅशेटीचा सराव: निवड कशी करावी आणि सुरुवात कुठून करावी

मॅशेटी हे मुळात गवत, ऊस आणि झुडपं तोडायचं अवजार. तिच्यावर उभ्या राहिलेल्या युद्धकलाही शेतात राबणाऱ्यांनीच घडवल्या. कोलंबियाच्या काउका प्रांतात, पुएर्तो तेहादा गावाच्या परिसरात, आफ्रिकी वंशाच्या शेतकऱ्यांनी मॅशेटी आणि काठीची 'एस्ग्रिमा', म्हणजे पात्याने लढायची कला, जपली. तिथले लोक तिला नुसतं 'ग्रिमा' म्हणतात. हैतीत 'तिर माशेत' आहे. जाकमेलजवळचे आल्फ्रेड आव्रिल शेती करता करता ती शिकवत राहिले, २०१४ मध्ये ते वारले. फिलिपिन्समध्ये 'बोलो' हा शेतातलाच कोयत्यासारखा प्रकार आर्निस, एस्क्रिमा, काली या नावांनी चालणाऱ्या कलांमध्ये आला. २००९ च्या कायद्याने आर्निस तिथली राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरला.

आपल्याकडच्या शहरांत मॅशेटीची चौकशी करणारे बहुतेक जण फिलिपिनो कलांच्या वाटेने आलेले असतात. काही महिने वेताच्या काठ्या फिरवून झाल्या की 'आता खरं पातं कधी?' हा प्रश्न येतोच. म्हणून हा लेख त्या पद्धतीला धरून लिहिला आहे. माझं मत आधीच सांगतो: एकाच मॅशेटीवर सगळं भागत नाही. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक, बोथट पोलादाची एक, आणि पुढे जमलंच तर धारदार एक, अशा तीन वेगळ्या वस्तू लागतात आणि तिघींची कामं वेगळी. पैसे पहिलीवर आधी घाला. तिसरी कधीच घेतली नाही तरी सराव अडत नाही.

आधी लाकूड

आर्निसची नेहमीची काठी वेताची, साधारण २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. वेत का, तर तो मार खाऊन पिंजतो, तुटून टोकदार होत नाही. बांबू फुटला की त्याच्या सुऱ्यांसारख्या चिपा उडतात, त्यामुळे जोडीच्या सरावात बांबू नको. आपल्या मर्दानी खेळातही लाठी आधी येते, मग फरीगदका, आणि पट्टा बराच नंतर. फरक इतकाच की गोल काठीला धार कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही, त्यामुळे काठीवर तयार झालेला हात पातं कसंही वळवतो.

यावर उपाय स्वस्त आहे. सुताराकडून साल किंवा शिसमची फळी घेऊन मॅशेटीच्या आकाराची कापून घ्या. एक कड जरा निमुळती करा, म्हणजे हाताला धारेची बाजू कळेल, पण टोक आणि सगळ्या कडा पॉलिश पेपरने गोल करून टाका. प्लायवूड टाळा, त्याचे थर सुटतात.

अ‍ॅल्युमिनियम हवं असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे ५ मिलिमीटरचा पत्रा कापून घ्या. हा आकडा उगाच नाही. ४६ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद पातं ५ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सव्वातीनशे ग्रॅमच्या आत बसतं. त्याच मापाचं २ मिलिमीटर पोलादी पातं साडेतीनशेच्या थोडं वर जातं. म्हणजे हाताला वजन जवळपास खऱ्या पात्याचंच लागतं. मुठीला दोन लाकडी पट्ट्या रिवेट करा आणि वरून बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने ठोकाठोकीत कडेला बारीक काटे उभे राहतात. सरावानंतर दर वेळी कानस फिरवा, नाहीतर जोडीदाराच्या मनगटावर ओरखडे ठरलेले.

पोलादाची निवडताना

आकारांची नावं पुष्कळ आहेत. लॅटिन म्हणजे सरळ आणि जवळपास सारख्या रुंदीचं पातं. बोलो पुढे पोटासारखा रुंद होतो. पंगा पूर्व आफ्रिकेतला, टोकाकडे वर वळलेला. गोलोक आणि परांग इंडोनेशिया-मलेशियाकडचे, जाड आणि जड. नवशिक्याने लॅटिन घ्यावी, इथे मला काही शंका नाही. बोलो किंवा गोलोकचं वजन टोकाकडे असतं. तोडायला ते उत्तम, पण फिरवलेलं पातं थांबवायला मनगट मुरलेलं लागतं. लॅटिनचं वजन पसरलेलं असतं, ती मध्येच थांबते आणि परत येते. फिलिपिनोच शिकतोय तर बोलोच हवा, असा हट्ट पहिल्या वर्षी तरी सोडून द्या.

लांबीसाठी आकड्यांपेक्षा अंग खरं. सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मॅशेटीचं टोक जमिनीकडे करा. टोक आणि जमीन यांच्यात वीतभर तरी अंतर राहिलं पाहिजे. बहुतेकांना १६ ते १८ इंची पातं बसतं. मूठ धरून १८ इंची मॅशेटी २३-२४ इंच भरते, म्हणजे काठीपेक्षा आखूडच. २२ किंवा २४ इंची मॅशेटी दिसायला रुबाबदार असते, पण पातळ पातं इतकं लांब झालं की ते लपलपतं आणि घरात तर ती फिरवताच येत नाही. वजन ४०० ते ६०० ग्रॅममध्ये ठेवा. वेताची काठी बहुधा याच्या निम्मी असते, तेव्हा खांदा पहिल्या दिवशीच कुरकुरेल.

पोलाद साधं कार्बनचं, जाडी २ ते ३ मिलिमीटर. ब्राझीलची ट्रामॉन्टिना, एल साल्वादोरची इमाकासा, कोलंबियाची गाविलान ही तिकडच्या मजुरांच्या हातातली नावं. ही पाती मुद्दाम फार कडक केलेली नसतात. दगडावर आपटली तर वाकतात किंवा चेपतात, तुकडा उडत नाही, आणि सरावाला हेच हवं. यांच्या उलट टोकाला शोभेच्या वस्तू: चकचकीत स्टेनलेस, पाठीवर करवतीचे दात, पात्याला भोकं, मुठीत दोऱ्याचं रीळ. असल्या वस्तूंचं पातं मुठीत जेमतेम दोन इंच शिरलेलं असतं आणि जोरात फिरवलं की निघून उडतं. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आहे का आणि दोन-तीन रिवेट आरपार आहेत का, एवढं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

मूठ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. स्वस्त मॅशेटीची मूठ खडबडीत येते, कडा बोटांना लागतात, रिवेट वर आलेले असतात आणि पंधरा मिनिटांत तळव्याला फोड येतो. लाकडी मूठ असेल तर हे तासाभराचं काम आहे. कानस आणि पॉलिश पेपरने कडा गोल करा, करंगळीखाली किंचित खाच ठेवा, मग जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवा. प्लॅस्टिकची मूठ घामाने घसरते, तिच्यावर सुती पट्टी गुंडाळावी. मनगटात अडकवायची दोरी मात्र काढून टाका. हातातून सुटलेलं पातं दोरीला लटकलं की ते फिरून तुमच्याच हातावर येतं. त्यापेक्षा खाली पडू दे. पडणारी मॅशेटी झेलायची नाही. हात वर, पाय मागे.

'घरचा कोयताच वापरला तर?' हे हमखास विचारलं जातं. कोकणात कंबरेच्या आकडीला अडकवायचा कोयता आणि ऊसतोडीचा कोयता, दोन्ही आपापल्या कामाचे राजे आहेत. पण पातं आखूड, टोकाला वळण, सगळं वजन पुढे, आणि लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून काढलेला असेल तर जाडही. वळलेलं टोक कपड्यात, झाडात, जोडीदाराच्या काठीत अडकतं. आर्निसच्या सरळ वारांना तो चालत नाही. दुसरं कारण कायद्याचं, ते पुढे येतं.

धार बोथट करणे

नवी मॅशेटी आणली की पहिलं काम धार घालवण्याचं. पातं व्हाइसमध्ये घट्ट आवळा, चामडी हातमोजे घाला आणि सपाट कानस कडेला काटकोनात धरून मुठीकडून टोकाकडे ढकला. कड जवळजवळ मिलिमीटरभर सपाट झाली पाहिजे. मग सपाट कडेचे दोन्ही कोपरे मोडा आणि टोकाला नाण्याइतकी गोलाई द्या. ग्राइंडर वापरायचाच तर थांबत थांबत. पातं निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, तो भाग मऊ झाला. शेवटी पॉलिश पेपर, आणि कडेवर पालथी बोटं फिरवून बघा. काही टोचलं नाही की झालं. बोथट केलेल्या पात्याला लाल चिकटपट्टीची खूण करा. पुढेमागे घरात धारदार पातं आलं तर घाईतही गफलत होता कामा नये. आणि बोथट म्हणून ती निरुपद्रवी झाली असं समजू नका. अर्धा किलो पोलाद बोटावर बसलं तर हाड मोडतं.

जागा आणि पाय

हात लांब करून मॅशेटी धरा, त्यात एक पाऊल मिळवा. तेवढ्या वर्तुळात कुणी माणूस, कुत्रं, झुंबर, पंखा काही नको. फ्लॅटच्या हॉलमध्ये पंख्याचा विसर फार सहज पडतो, म्हणून गच्ची किंवा मैदान बरं. गच्चीवर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पोलीस येतील आणि ते चूक नसतील. पायात बंद बूट हवेत, चप्पल चालणार नाही.

मुठीत करंगळी आणि अनामिका घट्ट, मधलं बोट मध्यम, तर्जनी जवळजवळ सैल. अंगठा पाठीवर न ताणता बोटांवर गुंडाळा. काही गुरू तो पाठीवर ठेवायला शिकवतात. तुमचे गुरू शिकवत असतील तर त्यांचं ऐका, पण तोडीच्या झटक्यात अंगठ्याच्या सांध्यावर ताण येतो हे माहीत असू द्या.

पायांचा नियम मात्र सगळ्यांत महत्त्वाचा आणि यावर मी थोडा अडून बसणार आहे. वार ज्या बाजूला संपतो, त्या बाजूचा पाय मागे. उजव्या हाताने उजव्या खांद्यावरून डावीकडे तिरका खाली वार केला तर तो डाव्या गुडघ्याशी संपतो. म्हणून डावा मागे, उजवा पुढे. उलट हाताचा, डावीकडून उजवीकडे येणारा वार असेल तर उजवा मागे. एकट्याने सराव करताना होणाऱ्या दुखापतींचं एक मोठं कारण हेच: वार कशालाही लागत नाही, हात थकलेला असतो, पातं थांबत नाही आणि पुढच्या पायाच्या नडगीवर येतं. काठीवर असताना ही चूक नुसता टेंगूळ देते, त्यामुळे लक्षात राहत नाही. काठी खाली ठेवून नुसत्या हाताने, मग लाकडी पात्याने, अगदी सावकाश पाय आणि वार जुळवत राहा. पाय विचार न करता मागे जायला लागला की मगच पोलाद.

दुसरा हात कुठे? फिलिपिनो पद्धतीत तो 'जिवंत हात', पुढे झेपावणारा, अडवणारा. सुरुवातीला त्याला छातीवर चिकटवून ठेवा. हवेत तरंगणारा डावा हात उजव्या पात्याच्या वाटेत येतो.

पहिले वार

फिलिपिनो शाळांत वारांना आकडे असतात. बऱ्याच ठिकाणी बारा, पण कुठला आकडा कुठल्या वाराला हे घराण्यागणिक बदलतं. सुरुवातीचे चार मात्र पुष्कळ ठिकाणी एकाच कुळीचे: दोन तिरके, दोन आडवे. तेवढेच घ्या. भोसकण्याचा वार मॅशेटीने करू नका. तिला तलवारीसारखी परज, म्हणजे मुठीपुढे हाताला आडोसा देणारा भाग, नसते; टोक कशाला अडलं की हात घसरून थेट पात्यावर जातो. तो वार काठीवर शिका.

पातं चालवताना एकच गोष्ट शोधायची: पाठ, धार आणि हाताची वाट एका रेषेत आहेत का. पातळ लॅटिन मॅशेटी हे लगेच सांगते. रेषा जुळली की हवा फाटल्याचा स्वच्छ आवाज येतो. पातं थोडं आडवं पडलं की ते फडफडतं आणि मुठीत कंप जाणवतो. महागडी जड पाती ही चूक पोटात घालतात, म्हणून मला शिकायला स्वस्त मॅशेटीच आवडते. चार वार, दर बाजूला दहा, संथ गतीने. मग पूर्ण वेगाच्या निम्म्याने. त्याहून वेगाची गरज पहिल्या महिन्यांत पडत नाही. आवाज बिघडला की थांबा, हात थकला आहे. डाव्या हातानेही करा, तिथे खोटेपणा लपत नाही.

वार संपवताना कोपर सरळ फेकू नका. कोपर किंचित वाकलेलं ठेवून पोट आवळलं की पातं कंबरेशी थांबतं. नुसत्या मनगटाने थांबवणाऱ्यांना काही आठवड्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. दुखलं तर विश्रांती घ्या. कोपराला आधाराचा पट्टा बांधून रेटणं हा पराक्रम नाही.

काठीच्या कोणत्या सवयी सोडायच्या

सिनावली, म्हणजे दोन काठ्यांची ती सुंदर विणकाम करणारी लय, पुष्कळांना आर्निसकडे ओढून आणते. तिच्यात एक काठी दर फेरीत दुसऱ्या हाताच्या काखेखाली जाते. तिथे धार असेल तर काय, हे वेगळं सांगायला नको. दोन पात्यांची सिनावली लाकडावरच राहू द्या, किंवा काखेऐवजी हात खांद्याबाहेर नेणारी तिची रूपं गुरूंकडून घ्या. प्रतिस्पर्ध्याची काठी पकडून हिसकावणंही पात्यावर चालत नाही. पंख्यासारखा मनगट हलवून मारायचा अबानिको काठीने छान फटका देतो, पण मॅशेटीने बहुतेक वेळा पात्याचा सपाट भागच लागतो. अडवतानाही धारेवर धार घ्यायची नाही. पात्याची पाठ किंवा सपाट बाजू द्यायची आणि वार बाजूला सारायचा.

जोडीदारासोबत

पोलाद कधीच नाही. बोथटही नाही, हळूही नाही. लाकूड, अ‍ॅल्युमिनियम किंवा पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची सरावाची मॅशेटी वापरा. ठरवलेल्या वाराचा सराव असेल तर डोळ्यांना चष्मा आणि हाताला जाड मोजे हवेत. मोकळा खेळ असेल तर गादी लावलेली काठी आणि फेन्सिंगचा मास्क. मास्क दोन दर्जांचे येतात, ३५० न्यूटन आणि १६०० न्यूटन. हा आकडा मास्कचं गळ्यावरचं कापड भेदलं जाण्याला किती विरोध करतं याचा आहे. डोक्यावर बसणारा जड ठोसा मास्क फारसा शोषत नाही, आणि मागची बाजू उघडीच असते. म्हणून लाकडी मॅशेटीने मास्कवर पूर्ण ताकदीचा वार करायचा नाही, हे खेळाआधी बोलून घ्या.

तोडून बघणे

इथे धारदार पातं येतं, आणि इथेच त्याचं काम संपतं. एका वेळी एकच माणूस तोडणार, बाकीचे त्याच्या मागे आणि दूर. कानसने दर बाजूला साधारण २० ते २५ अंशांची धार लावा.

पहिलं लक्ष्य पाण्याने भरलेली दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली. रिकामी असेल तर ती कापली न जाता उडते. कंबरेच्या वर येईल इतक्या उंचीच्या लाकडी ओंडक्यावर ठेवा, गवतावर, कारण फरशीवर पाणी सांडलं की पाय घसरतो. एकच तिरका वार. वरचा भाग सुटून पडला आणि खालचा जागेवर उभा राहिला म्हणजे रेषा जुळली. बाटली फाटून कलंडली तर पातं वळलं होतं, ताकद कमी पडली असं नाही. ताकद वाढवून बाटली तोडायला जाणारे चुकीची रेषाच पक्की करतात. पट्ट्याने लिंबू कापणारा मर्दानी खेळवाला बघितला असेल तर हे पटकन कळेल.

नंतर केळीचं खोड. जळगाव-रावेरकडे ओळख असेल तर प्रश्नच नाही, घड काढल्यावर खोड तोडायचंच असतं. खोड आतून ओलं आणि थरांचं असल्याने कापल्यावर पात्याचा प्रवास अगदी वाचता येतो: सपाट काप म्हणजे रेषा सरळ, खोलगट काप म्हणजे मनगट मध्येच वळलं. जुने कपडे घाला, केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत. ओला बांबू नवशिक्याने घेऊ नये. पातळ पातं त्यात अडकून पिळतं, आणि अर्धवट तुटलेला बांबू उसळून येतो.

देखभाल आणि कायदा

कार्बन पोलाद घामाच्या बोटांनीसुद्धा गंजतं. पावसाळ्यात तर रात्रीतून. वापर झाला की पुसा, केळीचा चीक साबणाने धुवा, कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि धारदार पात्याला कुलूप लावा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. पण सराव म्हणजे शेती नव्हे, आणि 'शेतीचं अवजार आहे' हे उत्तर रात्री मोटरसायकलवर, पिशवीत कोयता सापडल्यावर टिकेल असं धरून चालू नका. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्या काळात सार्वजनिक ठिकाणी हत्यारं, काठ्यासुद्धा, बाळगायला बंदी असते. पुण्यात कोयत्याच्या गुन्ह्यांनंतर तर लोक आणि पोलीस दोघेही याबाबत तिखट झाले आहेत. त्यामुळे वर्गाला जाता-येता लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचीच नमुना-मॅशेटी न्या, तीही बंद पिशवीत, आणि पोलाद घरी किंवा आखाड्यातच राहू द्या. परदेशातून मॅशेटी मागवण्याआधी आयातीचा परवाना लागतो का, हे वकिलाला विचारा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी अधिक जपावं. तिथे २४ सप्टेंबर २०२४ पासून 'झोम्बी' पद्धतीच्या चाकू-मॅशेटी घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. साधी शेतीची सरळ मॅशेटी त्या व्याख्येत सहसा येत नाही, पण ८ इंचांहून लांब, टोकदार आणि दातेरी पाठ किंवा भोकं असलेली येऊ शकते.